पेट्यांची मोजणी ऑक्टोबरात करा

महाबळेश्वरच्या पठारावर मार्चच्या सुमारास जांभूळ फुलायला लागतो, मागोमाग हिरडा, मग गेळा. या दिवसांत सातेरी या देशी मधमाशीची पेटी उघडली की शिकवणाऱ्याला फार बोलावं लागत नाही. आतल्या पोळ्यांच्या चौकटी माश्यांनी गच्च भरलेल्या असतात. मधल्या चौकटींवर पिलाव्याचा, म्हणजे वाढत्या पिल्लांचा, सलग पट्टा, त्याच्या कडेने परागाचे पिवळे-तांबूस कप्पे, वर मध. राणी दिसते, अंडी दिसतात, बोटाला मध लागतो. शिकायला आलेल्या माणसाला वाटतं, हे आपल्याला जमेल. त्या महिन्यांत ते जमतंही.

त्याची खरी परीक्षा जूनमध्ये सुरू होते, आणि तेव्हा त्याच्या शेजारी बहुधा कोणी नसतं.

महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत वैयक्तिक मधपाळासाठी १० दिवसांचं आणि केंद्रचालकासाठी २० दिवसांचं प्रशिक्षण आहे. साहित्यावर ५० टक्के अनुदान मिळतं, उरलेली निम्मी रक्कम स्वतः घालायची. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. खादी आयोगाच्या हनी मिशनमधून लाभार्थ्याला वसाहतींसह १० पेट्या दिल्या जातात. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. म्हणजे शिकवणारी माणसं आहेत, पैसा आहे, इच्छाही आहे. या प्रशिक्षणांतून आग्या, फुलोरी, सातेरी, परदेशी मेलीफेरा आणि पोया या मधमाश्यांतला फरक, पेटीचे भाग, धूर द्यायचा स्मोकर आणि चौकटी सोडवायची पटाशी कशी वापरायची, मधयंत्र कसं फिरवायचं हे नीट कळतं. माझं म्हणणं एवढंच आहे की पेटी दहा दिवसांत समजते, पण माशीचं वर्ष तेवढ्यात समजत नाही. आणि वसाहती मरतात त्या वर्षाच्या अशा भागात, जो प्रशिक्षणात फक्त फळ्यावर येतो.

पावसाळ्याचंच घ्या. पश्चिम घाटाच्या माथ्यावर पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आठवडाआठवडा माशी बाहेर पडू शकत नाही. या काळात वसाहत कशावर जगते, याचा निर्णय जुलैत होत नाही, मे महिन्यात होतो. नव्या मधपाळाची सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे शेवटच्या काढणीला पेटी रिकामी करणं. गेळ्याचा मध सुंदर असतो, भाव असतो, पाहुण्यांना द्यायचा असतो. पण सातेरीच्या मध्यम वसाहतीत पावसाळ्यासाठी दोन-तीन किलो मध ठेवायलाच हवा. मध कोठीतला, म्हणजे पेटीच्या वरच्या मजल्यातला, काढला तरी पिलाव्याच्या चौकटींच्या वरच्या कडेचा मध कापायचा नाही. वर्गात हे सांगितलं जातं. पण शिकणाऱ्याने रिकामी केलेली पेटी ऑगस्टमध्ये उचलून पाहिलेली नसते. हाताला लागणारं ते हलकेपण एकदा कळलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

पाऊस सुरू होण्याआधीची दुसरी तयारी चौकटींची. उन्हाळ्यात आठ चौकटी व्यापणारी वसाहत जुलैपर्यंत चार-पाच चौकटींवर येते. हे नैसर्गिक आहे, राणी अंडी कमी घालते. चूक पुढे होते. नवा मधपाळ रिकाम्या पोळ्यांच्या चौकटी तशाच आत ठेवतो, कारण ती पोळी त्याला संपत्ती वाटते. माश्या ज्या पोळ्यावर बसत नाहीत, त्यावर मेणपतंग बसतो. त्याच्या अळ्या पोळ्यात बोगदे करतात, जाळी विणतात, आणि आठ-दहा दिवसांत पिलाव्यापर्यंत पोचतात. मग वसाहत पेटी सोडते, आणि माणूस म्हणतो, मेणकिड्याने माश्या घालवल्या. खरं म्हणजे पेटीत माश्यांपेक्षा पोळी जास्त होती. नियम साधा आहे: प्रत्येक पोळं दोन्ही बाजूंनी माश्यांनी झाकलेलं असलं पाहिजे. जे झाकलेलं नाही ते बाहेर काढायचं, उरलेल्या चौकटी एका बाजूला सरकवून शेजारी डमी बोर्ड, म्हणजे मोकळी जागा अडवणारी फळी, लावायचा. काढलेली चांगली पोळी गंधकाची धुरी देऊन घट्ट बंद ठेवायची, जुनी काळी पडलेली वितळवून मेण करायचं. सातेरी आपली जुनी पोळी स्वतःच कुरतडते आणि तो चुरा तळपाटावर, म्हणजे पेटीच्या तळाच्या फळीवर, पडतो, म्हणून तळपाट आठवड्याला खरवडून पुसणं हे तिच्या बाबतीत मेलीफेरापेक्षा जास्त गरजेचं आहे. मेणपतंगाची पिढी त्या चुऱ्यातच वाढते.

साखरेचा पाक देण्याबद्दल प्रशिक्षणात एक ओळ असते: साखर आणि पाणी समप्रमाणात, आठवड्याला वसाहतीमागे साधारण २०० ग्रॅम साखर. ओळ बरोबर आहे. पण तिच्याभोवती न लिहिलेल्या पाच-सहा गोष्टी आहेत, आणि नुकसान त्या न पाळल्याने होतं. पाणी उकळून आचेवरून उतरवायचं, मगच साखर घालायची. साखर आचेवर करपली तर माशीला अपाय होतो. गूळ वापरायचा नाही, त्याने माश्यांना हगवण लागते. सलग पावसात पाक पातळ असला तर आतल्या दमट हवेत त्यातलं पाणी माश्यांना उडवता येत नाही, पाक आंबतो. अशा वेळी दोन भाग साखरेला एक भाग पाणी बरं. पाक नारळाच्या करवंटीत किंवा वाटीत ठेवला तर वर काड्या टाकायच्या, नाहीतर माश्या बुडून मरतात. द्यायचा तो दिवेलागणीला, पेटीच्या आत, आणि सगळ्या पेट्यांना एकाच संध्याकाळी. दिवसा दिला, बाहेर थेंब सांडले किंवा दहातल्या दोनच पेट्यांना दिला, की दुसऱ्या पेट्यांच्या माश्यांकडून लूट सुरू होते. दारात माश्या गुंतून भांडतात, चकचकीत काळ्या दिसणाऱ्या माश्या फटींतून आत शिरू पाहतात, आणि दुबळी वसाहत एका दुपारीत रिकामी होते. लूट सुरू झालेली दिसताच दार एका माशीपुरतं लहान करायचं, फटी चिखलाने बुजवायच्या आणि पेटी उघडायची नाही. ही सूचना लेखी देऊन भागत नाही. लूट आणि नव्या माश्यांचं दुपारचं पहिलं उड्डाण हे नवख्या डोळ्याला सारखंच दिसतं, म्हणून दोन्ही शेजारी उभं राहून दाखवावं लागतं.

मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायला सगळेच शिकवतात. पावसात गवत वाढून पेटीला टेकलं की तोच मुंग्यांचा पूल होतो, हे मात्र जुलैतच दिसतं.

आता हाताच्या कामाकडे येऊ. पंचवीस-तीस जणांची तुकडी एका पेटीभोवती उभी राहिली तर प्रत्येकाच्या वाट्याला एक चौकट, तीही अर्धा मिनिट. बाकीचे खांद्यावरून डोकावतात. सातेरीसारख्या चंचल माशीला एवढी गर्दी, एवढा धूर, एवढा वेळ सोसत नाही. ती पोळ्यावरून धावत सुटते, चौकटीच्या खालच्या कडेला घोस धरते, आणि वरचेवर असं झालं तर पेटीच सोडते. त्यामुळे प्रशिक्षणासाठी ठेवलेली वसाहत बऱ्याचदा आधीच त्रासलेली असते, आणि शिकणारे त्रासलेल्या माशीचं वागणं हेच तिचं वागणं समजतात. एका पेटीभोवती चारपेक्षा जास्त माणसं नकोत. माझ्या मते, प्रत्येकाने प्रमाणपत्रापूर्वी स्वतःच्या हातांनी किमान पंधरा-वीस वेळा पेटी पहिल्यापासून शेवटपर्यंत उघडून बंद केलेली असावी. दिवस किती झाले यापेक्षा हा आकडा महत्त्वाचा.

पेटी उघडायची ती उन्हं चढल्यावर, वारा नसताना, बाजूला उभं राहून. दारासमोर उभं राहिलं की येणाऱ्या माश्यांची वाट अडते. स्मोकरमध्ये गोणपाट, नारळाची शेंडी किंवा वाळलेलं शेण. रॉकेल किंवा प्लॅस्टिक कधीच नाही. सातेरीला दारातून दोन हलके झोत पुरतात. झाकण काढल्यावर आधी कडेची चौकट बाहेर घ्यायची म्हणजे जागा होते. मधली चौकट आधी ओढली तर दोन पोळ्यांमध्ये राणी चिरडते. चौकट नेहमी पेटीच्या वरच धरायची, राणी पडली तर आतच पडावी म्हणून. नवं पोळं उन्हाने मऊ झालेलं असतं, ते आडवं केलं तर तुटून खाली येतं, म्हणून चौकट उलटायची तर कडेवर उभी फिरवायची.

हे सगळं हाताचं झालं. त्याच्या पुढचं वाचन आहे आणि प्रशिक्षणांत सगळ्यात तोकडं तेच पडतं. नवा माणूस राणी शोधत बसतो, दहा मिनिटं पेटी उघडी ठेवतो, राणी दिसली नाही की घाबरतो. राणी दिसायची गरज नसते. ऊन पाठीमागून खांद्यावर घेऊन पोळ्याच्या मध्यभागी पाहायचं. कप्प्याच्या तळाशी एकेक अंडं दिसलं तर राणी गेल्या तीन दिवसांत तिथे होती. अंडी नाहीत पण लहान अळ्या आहेत, तर ती जाऊन तीन दिवस उलटून गेलेत. उघड्या अळ्याही नाहीत, फक्त बंद पिलावा आहे, तर आठवडा उलटून गेला. बंद पिलावाही संपला असेल तर तीन आठवडे. एका कप्प्यात दोन-तीन अंडी, तीही भिंतींना चिकटलेली, आणि कामकरी माशीच्या लहान कप्प्यांवर घुमटासारखी फुगलेली झाकणं दिसली तर कामकरी माश्याच अंडी घालू लागल्यात. ही वसाहत नवी राणी सहसा स्वीकारत नाही. ती शेजारच्या राणी असलेल्या वसाहतीत संध्याकाळी मिसळून टाकायची. एकावर एक ठेवलेल्या दोघींच्या कोठ्यांमध्ये टाचणीने भोकं पाडलेला वर्तमानपत्राचा कागद ठेवायचा. माश्या तो दोन-एक दिवसांत कुरतडतात, तोवर दोघींचा वास एक होतो. चौकट अशी तारखा लावून वाचायला शिकवलं तर पेटी दोन मिनिटांत बंद होते.

‘दर सात दिवसांनी तपासणी करा’ हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षणात असतं, पण सातच का, हे क्वचितच सांगितलं जातं. उत्तर राणीच्या वाढीत आहे. अंडं तीन दिवस, अळी साधारण पाच दिवस, मग राणीघर मेणाने बंद होतं, आणि ते बंद होण्याच्या सुमारास जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन बाहेर पडते, हीच वसाहतीची फूट. आज राणीघरात नुकतं घातलेलं अंडं नजरेतून सुटलं, तरी सातव्या दिवशी ते घर अजून उघडं सापडतं, आणि वसाहत विभागायला किंवा जागा वाढवायला वेळ मिळतो. दहाव्या दिवशी गेलात तर थवा गेलेला असतो. हे गणित समजलेला माणूस फुटीच्या हंगामात सातवा दिवस चुकवत नाही, आणि इतर महिन्यांत उगाच पेटी उघडत नाही. कारण न सांगता दिलेला नियम मात्र हंगाम संपला तरी तसाच पाळला जातो, नाहीतर सोडून दिला जातो, आणि सातेरी दोन्ही प्रकारांत जाते.

सातेरी आणि मेलीफेरा यांची सरमिसळ हा तर वेगळाच दोष. मेलीफेरा ही परदेशी माशी १९६० च्या दशकात उत्तर भारतात रुजली, आणि वाचायला मिळणारी बरीचशी माहिती तिच्याबद्दलची असते. तिची वसाहत मोठी, पोळ्यावर शांत बसणारी, मध भरपूर. ते आकडे सह्याद्रीतल्या सातेरीवाल्याला सांगितले की तो पहिल्याच वर्षी निराश होतो. एका जागी ठेवलेल्या सातेरीच्या पेटीतून वर्षाला पाच-आठ किलो मध मिळाला तर तो चांगला. चौकटींमधलं अंतरही तिला कमी लागतं. मेलीफेराच्या मापाची पेटी सातेरीला दिली की मोकळ्या जागेत वेडीवाकडी पोळी बांधली जातात आणि मग एकही चौकट सरळ बाहेर येत नाही. रोगांचंही तसंच. मेलीफेरावाल्याने माश्यांच्या अंगावर जगणारा व्हरोआ कोळी मोजायला शिकलं पाहिजे: अर्धा कप म्हणजे साधारण ३०० माश्या बरणीत घेऊन वर पिठीसाखर, हलवून जाळीतून पांढऱ्या ताटात पाडायची आणि तांबूस ठिपके मोजायचे. सातेरी त्या कोळ्याला बरीचशी स्वतः आवरते, तिला भीती थाई सॅकब्रूडची, ज्या विषाणूने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतातल्या वसाहती मोठ्या प्रमाणावर मारल्या. त्यावर औषध नाही. पिशवीसारखी फुगून डोकं वर वळलेली मेलेली अळी ओळखता येणं, आणि दूरच्या भागातून पारख न करता वसाहती न आणणं, हाच उपाय.

याच्या उलट, एक निरोगी खूण नवख्यांना रोग वाटते. सातेरीच्या नरांच्या कप्प्यांच्या झाकणावर मधोमध बारीक भोक असतं. मेलीफेरात ते नसतं. पुस्तक वाचून आलेला माणूस ते पाहून पिलावा कापून टाकतो. ते भोक म्हणजे वसाहत सुखात आहे आणि फुटीचे दिवस जवळ आलेत, एवढंच.

मेलीफेराच्या १० पेट्या कोरडवाहू गावात देण्याबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. ती माशी फुलोऱ्यामागे हलवावी लागते: सूर्यफूल, तीळ, मोहरी, कांद्याचं बियाणं, डाळिंब. अंधार पडल्यावर दार जाळीने बंद करायचं, चौकटी गाडीच्या धावण्याच्या दिशेने समांतर ठेवायच्या, रात्रीत प्रवास संपवायचा. दहा पेट्यांसाठी ट्रकचं भाडं निघत नाही. प्रशिक्षणात स्थलांतर शिकवलं जातं, स्थलांतराचा हिशेब शिकवला जात नाही. चार-पाच लाभार्थ्यांनी पेट्या एकत्र हलवल्या तर तो जमतो, पण मग तुकडी निवडतानाच शेजारशेजारची गावं घ्यायला हवीत. बियाण्याच्या कांद्याच्या शेतात पेट्या न्यायच्या त्याही पाच-दहा टक्के फुलं उमलल्यावर. आधी नेल्या तर माश्या आजूबाजूच्या दुसऱ्या फुलांवर लागतात आणि तिथेच जात राहतात. शेतकऱ्याशी फवारणीचं बोलणं पेट्या उतरवण्याआधी व्हावं, नंतर नव्हे.

काढणीबद्दल थोडक्यात. चौकटीचे किमान तीन चतुर्थांश कप्पे मेणाने बंद झाल्याशिवाय मध काढू नये. खाद्य मानकांप्रमाणे मधात २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी चालत नाही आणि त्यावर गेलेला मध बाटलीत आंबतो. ओलावा मोजायचं छोटं रिफ्रॅक्टोमीटर प्रत्येक केंद्रावर असावं, आणि दहा दिवसांत प्रत्येकाने निदान दोन नमुने, एक पिकलेला आणि एक कच्चा, स्वतः मोजून चाखलेले असावेत.

आणि डंख. नांगी नखाने लगेच खरवडून काढायची हे सगळे सांगतात. अंगभर गांधी उठणं, घसा आवळणं, चक्कर येणं, धाप लागणं ही लक्षणं दिसली तर हळद-चुन्यात वेळ न घालवता दवाखाना गाठायचा, आणि ॲड्रेनालीनचं इंजेक्शन कोणत्या दवाखान्यात असतं ते आधीच माहीत असायला हवं. प्रशिक्षणाच्या पहिल्या तासाला हे व्हावं. बचत गटातल्या ज्या बायका साडीवर जाळीची टोपी घालून पेटीपाशी येतात, त्यांना पायघोळ कपड्यात माशी अडकू नये म्हणून काय करायचं हेही तेव्हाच दाखवावं: सलवार किंवा पँट, आणि पायात मोजे वरून ओढून घेतलेले.

मग प्रशिक्षण किती चांगलं, हे ठरवायचं कसं? हजेरीपटावरच्या सह्या आणि वाटलेल्या पेट्या मोजून ते कळत नाही. वाटल्या त्या दिवशी सगळ्याच पेट्यांत माश्या असतात. मोजणी ऑक्टोबरात करावी, पहिला पावसाळा काढल्यानंतर. किती पेट्यांत अंडी घालणारी राणी आहे, किती चौकटी माश्यांनी झाकलेल्या आहेत, तळपाट स्वच्छ आहे का, हे तीन प्रश्न पुरे. हा आकडा तुकडीनिहाय काढला तर कोणत्या प्रशिक्षणात काय राहिलं ते आपोआप दिसेल. वसाहती गेल्या तर मधपाळाला दोष देण्याआधी त्या कोणत्या महिन्यात गेल्या ते विचारावं. जूनमध्ये गेल्या तर मध जास्त काढला गेला. ऑगस्टमध्ये गेल्या तर पोळी जास्त होती किंवा पाक चुकला. पेटी मिळाल्यापासून आठवडाभरातच गेल्या तर वसाहत देतानाच कच्ची होती, किंवा झाडाच्या ढोलीतून काढताना पिलाव्याऐवजी मधाची पोळी चौकटींत बांधली गेली, त्यांच्या गळतीला मुंग्या लागल्या. पिलावा असला की माशी थांबते.

दहा दिवस वाढवून वीस करावेत असं मला वाटत नाही. शेतकरी घर सोडून वीस दिवस येऊ शकत नाही, बाई तर नाहीच. तेच दहा दिवस फोडून द्यावेत: चार दिवस फेब्रुवारीत, वसाहत वाढताना, हाताच्या कामासाठी, दोन मे महिन्यात, काढणी आणि पावसाळ्याच्या तयारीला, दोन जुलै-ऑगस्टच्या उघडिपीत, स्वतःच्याच पेट्यांवर, शेवटचे दोन ऑक्टोबरात. पेट्या फेब्रुवारीच्या चार दिवसांनंतर द्याव्यात, आणि सुरुवातीला दहाऐवजी दोनच. दोन अशासाठी, की एकीत काही बिघडलं तर दुसरीशी ताडून पाहता येतं, राणी गेली तर दुसरीतून पिलाव्याची चौकट देता येते. दुसऱ्या वर्षी उरलेल्या आठ. त्यांतल्या दोन-तीन तर तोवर त्याने स्वतः विभाजन करून तयार केलेल्या असतील.

यासाठी नवी यंत्रणा उभी करायची गरज नाही. मधकेंद्र योजनेतला केंद्रचालक याच कामासाठी आहे. आपल्या भागातल्या मधपाळांना शिकवण्याची तयारी ही त्याच्या निवडीचीच अट आहे. त्याला जूनच्या पहिल्या आठवड्यापासून ऑक्टोबरपर्यंत दर तीन आठवड्यांनी नव्या मधपाळाच्या पेटीपाशी जाण्याचं मानधन आणि पेट्रोल मिळालं पाहिजे. पेटीच्या झाकणाला आतून एक कार्ड टाचलेलं असावं. तारीख, माश्यांनी झाकलेल्या चौकटी, अंडी आहेत की नाहीत, पाक किती दिला. मधपाळाने दर वेळी एक ओळ लिहायची, आणि केंद्रचालकाने आल्यावर आधी कार्ड वाचायचं, मग पेटी उघडायची.